भुंगेऱ्याचा वाय, माशाचा वाय

लखनौहून रायबरेलीकडे निघालं की शहराच्या दक्षिण कडेला तेलीबाग लागतं. तिथल्या कॅनॉल रिंग रोडवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची एक संस्था आहे, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो. १९८३ साली ती अलाहाबादला सुरू झाली आणि पुढे लखनौला आली. देशाच्या नद्या, तळी, खाड्या आणि समुद्रात कोणकोणते मासे आहेत, त्यांचं आनुवंशिक धन किती आणि ते राखायचं कसं, हे तिचं काम. या कामातला एक भाग वर्तमानपत्रांपर्यंत क्वचितच पोचतो: तिथे माशांची गुणसूत्रं मोजतात. १९९८ साली संस्थेने भारतीय माशांच्या गुणसूत्रांचा चित्रसंग्रह काढला. नंतर एन. एस. नागपुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फिश कॅरिओम' नावाची संगणकीय नोंदवही उभी केली. कुठल्या माशात किती गुणसूत्रं, त्यांचे आकार कसे, नर-मादीत फरक दिसतो का, हे कुणालाही त्यात पाहता येतं.

प्राण्यांमध्ये नर आणि मादी ठरवणारी गुणसूत्रं कशी जन्मतात, कशी झिजतात आणि कशी बदलतात, हा पुढच्या पानांचा विषय आहे. तो सांगताना मी दोन प्राणिसमूह सतत शेजारी ठेवले आहेत: भुंगेरे आणि मासे. शाळेत आपण एक्स-वाय शिकतो ते माणसाचे, आणि तीच सगळ्या सृष्टीची रीत असावी असा समज घेऊन बाहेर पडतो. पण माणूस हे फार तर एक उदाहरण आहे. भुंगेरा आणि मासा शेजारी ठेवले की ही रीत कुठे टिकते आणि कुठे मोडते ते दिसू लागतं.

आधी गुणसूत्रं दिसतात कशी ते सांगतो, कारण पुढची सगळी विधानं या हातकामावर उभी आहेत. जिवंत माशाच्या पोटात कोल्चिसिनच्या पातळ द्रावणाची सुई देतात. विभागणीला लागलेल्या पेशी त्यामुळे मधेच अडकून पडतात, आणि त्या नेमक्या टप्प्यावर गुणसूत्रं सर्वांत आखूड, जाड आणि ठसठशीत असतात. दोन-तीन तासांनी मूत्रपिंडाचा पुढचा भाग काढून घेतात. माशाचं रक्त तिथे तयार होतं, म्हणून विभागणाऱ्या पेशी तिथे भरपूर सापडतात. तो तुकडा बारीक करून पोटॅशियम क्लोराइडच्या अगदी सौम्य द्रावणात वीस-पंचवीस मिनिटं ठेवला की पेशी पाणी ओढून टरारून फुगतात. मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग असेटिक आम्ल यांच्या मिश्रणात त्या स्थिर करायच्या. शेवटी पिपेटमधून काचपट्टीवर उंचावरून थेंब सोडायचा. फुगलेली पेशी काचेवर आपटून पसरते आणि तिच्यातली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. जिम्साच्या रंगात ती जांभळी दिसतात. थेंब चुकीच्या उंचीवरून पडला, द्रावण जरा जास्त वेळ राहिलं, तर सगळी गुणसूत्रं एकावर एक चढून गोळा होतो आणि मासा वाया जातो. चांगल्या पसरलेल्या पेशी शोधायच्या, प्रत्येकीतली संख्या मोजायची, लांबीप्रमाणे जोड्या लावायच्या. संगणकाच्या काळातही यातला बराचसा भाग डोळ्यांचा आणि सवयीच्या हाताचा आहे.

या मोजणीतून काय हाती लागतं? रोहू, कटला आणि मृगळ या तिन्ही माशांत ५० गुणसूत्रं आहेत. संख्या सारखी असल्यामुळे त्यांचे संकर सहज होतात, आणि ज्या बीजकेंद्रांत हे मासे एकत्र ठेवले जातात तिथे नकळतही होतात. केवळ मोजून संकर पकडता येत नाही. गुणसूत्रांवरचे पट्टे किंवा ठरावीक जनुकांच्या जागा चमकवून पाहाव्या लागतात. मागूरची गोष्ट उलटी आहे. आपल्याकडच्या देशी मागूरमध्ये ५०, तर लागवडीवर बंदी असूनही बाजारात येणाऱ्या आफ्रिकी मांगूरमध्ये ५६. आग्नेय आशियातल्या ज्या माशाच्या नावाखाली आपला देशी मागूर वर्षानुवर्षं नोंदला गेला, त्याच्या थायलंडमधल्या नमुन्यांत १०४. तिथे मोजणीच साक्ष देते.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर खडशी, म्हणजे दख्खनी महसीर, डोळ्यांसमोर येतो. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या पेशीत १०० गुणसूत्रं आहेत, रोहूच्या दुप्पट. महसिरांच्या पूर्वजांत केव्हातरी सगळा संचच दुप्पट झाला आणि तसाच राहिला. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास केली, लाखो पिल्लं वाढवली आणि देशभरच्या पाण्यात सोडायला दिली. कामामागची तळमळ खरी होती. पण कावेरीत हाच मासा फोफावला आणि तिथला मूळचा कुबडाचा महसीर मागे पडत गेला. कुठल्या नदीचं आनुवंशिक धन कुठल्या नदीत ओततो आहोत, हा प्रश्न त्या वेळी पुरेसा विचारला गेला नाही.

एवढं सगळं मोजूनही रोहूच्या पन्नासांत नर कोण आणि मादी कोण, हे सूक्ष्मदर्शकातून कळत नाही. पंचवीस जोड्या लागतात, नराच्याही आणि मादीच्याही, आणि त्या सारख्याच दिसतात. वेगळी उठून दिसणारी जोडी नाही. भुंगेऱ्यांत ती पहिल्या नजरेत दिसते, आणि म्हणूनच या विषयाचा आरंभ भुंगेऱ्यापासून झाला.

१९०५ साली अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स पीठअळीच्या भुंगेऱ्यांची वृषणं तपासत होत्या. मादीच्या पेशीत त्यांना २० मोठी गुणसूत्रं दिसली. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी लहान. नराच्या शुक्रपेशी दोन प्रकारच्या निघाल्या: अर्ध्यांत दहाही मोठी, अर्ध्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान. हिशोब सरळ होता. मोठंच गुणसूत्र आणणाऱ्या शुक्रपेशीतून मादी जन्मते, लहान आणणाऱ्या शुक्रपेशीतून नर. त्याच सुमारास एडमंड विल्सन ढेकणांच्या गणातल्या कीटकांवर काम करत अशाच निष्कर्षाजवळ आले होते, आणि बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत त्यांचंच नाव पुढे राहिलं. स्टीव्हन्स १९१२ साली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. वय अवघं पन्नास. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं उत्तर प्रदेशात आहेत आणि आपल्याकडेही आहेत. अपत्याचं लिंग बापाच्या पेशीने ठरतं, याचा पहिला स्पष्ट पुरावा एका बाईने एका किड्याच्या पेशीत पाहिला, हे प्रत्येक शाळेत नाव घेऊन सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

स्टीव्हन्स यांचा किडा अपवाद नव्हता. भुंगेऱ्यांच्या नोंदलेल्या जातीच सुमारे चार लाख आहेत. त्यांतल्या चार हजारांहून जास्त जातींची गुणसूत्रं आजवर पाहिली गेली आहेत. उसाच्या मुळाशी लागणारी हुमणी ज्या कुळातली, शेणाचे गोळे वळणारे भुंगेरे ज्या कुळातले, त्या कुळातही बहुतेक ठिकाणी २० हीच संख्या भेटते: नऊ साध्या जोड्या आणि एक एक्स-वायची जोडी, तिच्यातलं लहान ते वाय. या जोडीची बैठक विलक्षण आहे. शुक्रपेशी तयार होताना इतर जोड्या एकमेकींना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग वेगळ्या होतात. भुंगेऱ्याचे एक्स आणि वाय तसं करत नाहीत. मोठा एक्स वर छत्रीसारखा पसरतो, खाली इवलासा वाय लटकतो, आणि दोघांमध्ये एका चिकट पदार्थाचा पोकळ भाग असतो. उघडलेल्या हवाई छत्रीखाली माणूस लोंबकळावा तसं हे चित्र दिसतं, म्हणून पेशीशास्त्रज्ञ या जोडीला पॅराशूटच म्हणतात. अदलाबदल नाही, तरी दोघं नेमके दोन टोकांना जातात.

हा तपशील वरवर पाहता बारीक वाटतो, पण वायच्या भवितव्याचं उत्तर त्यातच आहे. 'पुरुषाचा वाय नाहीसा होणार' असे मथळे आपण अधूनमधून वाचतो. त्यामागे एक खरी गोष्ट आहे: एक्सशी अदलाबदल थांबली की वायवरचे दोष धुऊन निघत नाहीत, जनुकं एकेक करून मरतात आणि वाय आक्रसतो. माणसाचा वाय असाच आक्रसला आहे. मग तो एक दिवस संपणारच, असा निष्कर्ष काढला जातो. भुंगेरे हा निष्कर्ष तपासायला देतात, कारण त्यांच्यात वाय असलेल्या आणि वाय गमावलेल्या जाती शेकड्यांनी आहेत. हीथ ब्लॅकमन आणि जेफरी डेमुथ यांनी २०१४ साली हा सगळा साठा एकत्र मांडून हिशोब केला. जमिनीवर धावणारे शिकारी भुंगेरे आणि वाघभुंगेरे ज्या गटात येतात, तिथे एक्स आणि वाय उरलेल्या थोड्याशा समान भागात अदलाबदल करूनच एकमेकांना धरून ठेवतात. तो समान भाग आखडत गेला की पकड सुटते, एखाद्या शुक्रपेशीत दोन्ही जातात, एखादीत एकही नाही, आणि अशा चुकांमधून वाय कायमचा गळतो. या गटात वाय पुनःपुन्हा हरवलेला दिसतो. पॅराशूटवाल्या मोठ्या गटात तो त्या मानाने फार क्वचित हरवतो, कारण तिथे पकड अदलाबदलीवर अवलंबूनच नाही. वाय लहान असणं म्हणजे मरणपंथाला लागणं, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. किती जनुकं उरली यापेक्षा विभागणीच्या वेळी तो धरला कसा जातो, हे महत्त्वाचं ठरतं. मला हा शोध या क्षेत्रातल्या अलीकडच्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतो. शेकडो अभ्यासकांनी सुट्या सुट्या केलेल्या मोजण्या शेवटी एका प्रश्नाच्या कामी आल्या.

त्या मोजण्यांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. जुन्या मुंबई इलाख्यात, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, जे. जे. असाना यांनी माकिनो आणि निइयामा या जपानी सहकाऱ्यांबरोबर भारतीय कीटकांच्या गुणसूत्रांची पाहणी केली. भुंगेऱ्यांची लिंगगुणसूत्रं त्यांनी १९४० च्या दशकात नोंदली. पुढे बंगालमध्ये कल्याणी विद्यापीठात जी. के. मन्ना यांच्या हाताखाली भुंगेऱ्यांवर काम झालं आणि त्याच विभागात खुदा-बख्श यांच्याबरोबर माशांवरही. कुरुक्षेत्रात जे. एस. यादव यांनी कितीतरी जाती तपासल्या. एका छताखाली किडे आणि मासे दोन्ही पाहण्याची ही भारतीय सवय माझ्या मांडणीला फार उपयोगी पडली आहे.

भुंगेऱ्यांच्या एक्सचं वय किती, याचं उत्तर मिळायला मात्र जनुकसंचाचं वाचन व्हावं लागलं. २०२४ साली रायन ब्रेसवेल, डोरिस बाख्ट्रोग आणि सहकाऱ्यांनी पिठात होणाऱ्या एका तांबड्या किड्याची, ट्रायबोलियम कन्फ्युझमची, गुणसूत्रं टोकापासून टोकापर्यंत जुळवली आणि आणखी अकरा भुंगेऱ्यांच्या जनुकसंचांशी ताडून पाहिली. सगळ्या भुंगेऱ्यांत जनुकांचे काही गठ्ठे एकत्र राहिलेले आढळले. त्या गठ्ठ्यांना त्यांनी 'स्टीव्हन्स घटक' असं नाव दिलं. शंभरहून अधिक वर्षांनी का होईना, त्या बाईचं नाव योग्य जागी गेलं. आणि मूळचा एक्स सगळीकडे एक्सच राहिला आहे. भुंगेऱ्यांचे सर्वांत जुने जीवाश्म तीस कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत, यावरून या टिकाऊपणाची कल्पना यावी. बदल होतो तो भर पडून. आपल्या धान्यकोठारांतला नेहमीचा ट्रायबोलियम कॅस्टेनियम २० गुणसूत्रांचा आहे आणि त्याची पॅराशूट शाबूत आहे. त्याच्या या जवळच्या भावात, कन्फ्युझममध्ये, एक साधं गुणसूत्र जुन्या एक्सला येऊन जोडलं गेलं, त्याचा जोडीदार नवा वाय झाला, आणि संख्या १८ वर आली. एकाच कणगीत सापडू शकणारे, भिंगाशिवाय वेगळे न ओळखू येणारे हे दोन किडे. अशी जोडाजोडी टोकाला गेली की चेलकोलेपिडियस झोनॅटस या उडी मारणाऱ्या भुंगेऱ्यासारखी जात मिळते, जिच्या नराच्या सगळ्या वारशाचा संसार चार गुणसूत्रांत मावतो. ब्लॅप्स पॉलिक्रेस्टा या काळ्या भुंगेऱ्यात फाटाफूट आणि जोडाजोडी होऊन एका नरात बारा एक्स आणि सहा वाय साठले आहेत. तरीही मूळ एक्स आपली जागा सोडत नाही.

म्हणजे भुंगेऱ्यांत लिंग ठरवण्याचा मान एका गुणसूत्राकडे वतनासारखा चालत आला आहे, आणि माशांत हे वतन टिकत नाही.

जपानच्या भातशेतांतला मेडाका हा छोटा मासा घ्या. त्याच्यात वाय आहे हे १९२१ पासून माहीत होतं. २००२ मध्ये एकाच वर्षी दोन गटांनी, जपानमध्ये मात्सुदा यांच्या आणि जर्मनीत वुर्झबर्गला इंद्रजित नंदा व सहकाऱ्यांच्या, त्या वायवरचं नर घडवणारं जनुक शोधून काढलं. ते होतं डीएमआरटी१ या सर्वसाधारण जनुकाची प्रत. मूळ जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर होतं. प्रत उडाली, नव्या ठिकाणी जाऊन बसली, आणि जिथे बसली ते गुणसूत्र वाय झालं. ही घटना सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे भुंगेऱ्यांच्या हिशोबात कालचीच. मेडाकाच्या फिलिपिन्समधल्या एका भावात तर हे जनुकही बाजूला पडून दुसऱ्याच जनुकाने काम हाती घेतलं आहे. फुगू माशात एका जनुकातल्या एकाच अक्षराचा फरक नर आणि मादी ठरवतो. इतका तरुण वाय सूक्ष्मदर्शकात वेगळा दिसेलच कशाला? रोहूच्या पंचवीस सारख्या जोड्यांचा अर्थ इथे उलगडू लागतो. तिथे लिंगगुणसूत्रं नाहीत असं त्यातून सिद्ध होत नाही. ती असली तर आकाराने वेगळी पडलेली नाहीत, एवढंच कळतं.

उजनीच्या काठी भिगवणच्या बाजारात ज्याला चिलापी म्हणतात, त्या तिलापियाची गोष्ट आणखी थक्क करणारी आहे. नाईल तिलापियात नर एक्स-वाय असतो आणि मादी एक्स-एक्स, आपल्यासारखी. त्याच वंशातल्या निळ्या तिलापियात नर झेड-झेड असतो आणि मादी झेड-डब्ल्यू, पक्ष्यांसारखी, म्हणजे दोन वेगळ्या गुणसूत्रांची जोडी तिथे मादीकडे. हे दोघं एकमेकांशी संकरही करतात. १९६० साली मलाक्कात हिकलिंग यांनी अशाच दोन वेगळ्या रीतींच्या तिलापियांचा संकर करून सगळीच्या सगळी नर पिल्लं मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. नर भराभर वाढतात आणि मादी नसल्यामुळे तळ्यात पिल्लांची गर्दी होत नाही, म्हणून जगभरच्या मत्स्यशेतीने ते उचललं. आज संप्रेरकं वापरून किंवा दोन वाय असलेले नर तयार करून तेच साधतात. त्यातही अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना पहिल्या दिवसांत कडक उष्ण पाणी मिळालं तर एक्स-एक्स पिल्लूही नर होऊ शकतं. चिलापीने उजनीचं काय केलं यावर भिगवणचे मच्छीमार तासभर बोलतील, आणि ते त्यांच्याकडूनच ऐकावं. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की लिंग ठरवणारं गुणसूत्र या माशांत इतकं नवं आणि इतकं सैल आहे की माणूस त्याला हातात धरून वळवू शकतो.

वळवता येतं ते हरवूही शकतं. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला. रोहू आणि मागूर त्यात आहेत, आणि बोटाच्या पेराएवढा पट्टेरी झेब्राफिशही आहे. हा आपल्या ओढ्यांतला मासा पुढे शोभेच्या दुकानांतून अमेरिकेत पोचला. ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७० च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणलं, आणि आज तो आनुवंशिकीतल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. पण त्याचं लिंग ठरतं कसं, हे काही केल्या कळेना. प्रयोगशाळेतल्या वाणांत लिंगगुणसूत्र सापडतच नव्हतं. एका पिढीत नर जास्त, दुसरीत माद्या, टाकीतली गर्दी आणि पाण्याचं तापमान बदललं की प्रमाण बदले. २०१४ मध्ये उलगडा झाला तो रानातून आणलेल्या माशांमुळे. नदिया आणि कूचबिहारच्या पाण्यातून आलेल्या वाणांत चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला लिंग ठरवणारा भाग स्पष्ट दिसला: मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड. ऑरेगन आणि ट्यूबिंगेनच्या गाजलेल्या वाणांत तो भाग चालेनासा झाला होता. मोजक्या माशांपासून वंश चालवणं, जवळच्या नात्यात पैदास, केवळ आईच्या वारशाने पिल्लं वाढवण्याचे प्रयोग, या सगळ्यांत काही दशकांत मूळ रीत गळून पडली. बंगालचे ओढे नसते तर ती कधी होती हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

आपल्या बीजकेंद्रांतले रोहू आणि कटला हे असेच थोड्याथोडक्या जनकांपासून वाढवलेले मासे आहेत. १९५७ साली कटकला हीरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली, आणि तेव्हापासून नदीतून बीज गोळा करायची गरज हळूहळू संपली. देशाच्या ताटात मासा आला तो या शोधामुळे. पण रोहूच्या लिंगनिश्चितीची मुळं शोधायची असतील तर केवळ बीजकेंद्रातला मासा तपासून भागणार नाही. गंगा, घाघरा, गोमती यांतला जंगली मासा हवा, त्याचं रक्त आणि ऊतक गोठवून ठेवलेलं हवं, तो कुठल्या घाटावर आणि कुठल्या साली पकडला याची नोंद हवी. तेलीबागच्या संस्थेचं हेच काम आहे, आणि दर वर्षी नदीत सोडल्या जाणाऱ्या बीजकेंद्रांतल्या पिल्लांबरोबर त्या कामासाठी हाताशी असलेला वेळ कमी होत चालला आहे.